सेल कोणी मारला

माझ्या सुमितला हल्ली घरात माणसं आली की कंठ फुटतो. एरवी भिंतीकडे तोंड करून मोबाइल बघत पडलेला असतो, जेवायला हाक मारली तरी ऐकू जात नाही. पण दारात कोणाची चाहूल लागली की उठून बसतो, केस सारखे करतो आणि सुरू होतो, "काय सांगू काका, मी घरी नव्हतोच ना. अंबाडीला गेलो होतो. हिला कोणी सांगितलं होतं गाडीला हात लावायला?"

पहिल्या पाहुण्याला एवढंच सांगितलं. मग गोष्टीला पाय फुटत गेले. पुढच्याला सांगताना अंबाडीला टायर बघायचं काम निघालं. त्याच्या पुढच्याला सांगताना मित्राची बाइक आली. माझी मोठी नणंद आली तेव्हा तर म्हणतो, "अंबाडीच्या नाक्यावर उभा होतो आत्या, अचानक छातीत कसंतरी झालं. वाटलंच मला, घरी काहीतरी झालंय."

छातीत कसंतरी झालं म्हणे. नणंदेने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ज्या बाईला खरंच काहीतरी झालं होतं ती आतल्या खोलीत पडून हे सगळं ऐकत होती. तिच्या पाठीवरून कोणी हात फिरवला नाही.

मी त्याची आई, द्रौपदी. शाळेत मी गेले ती नावापुरती. सही करते, बसची पाटी वाचते, त्यापुढे माझी गाडी जात नाही. पण डोळे दोन्ही शाबूत आहेत, आणि त्या दिवशी दोन्ही उघडे होते.

आम्ही भिवंडीजवळच्या राहनाळचे. मागे गोदामं झाली, पुढे रस्ता झाला, मधे आमचं घर आणि अंगण तेवढं राहिलं. सुमितचे वडील रामदास ड्रायव्हर होते. उभा जन्म दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या, पण त्या स्वतःच्या असल्यासारख्या ठेवल्या. सुमित कापडाच्या लूमवर जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की तो दुरुस्त करणारा. लूम भंगारात गेले तेव्हा त्याने एक जुनी सात सीटची गाडी घेतली आणि गोदामातल्या कामगारांना शिफ्टला नेण्या-आणण्याचं काम धरलं. सून दीक्षा, दिघाशीची. तीही एका गोदामात ड्युटीला होती, येणाऱ्या-जाणाऱ्या खोक्यांना मशीन लावून नोंद करायची.

माझं आणि दीक्षाचं फार गोडीगुलाबीचं होतं असं मी सांगणार नाही. तिची भाकरी जाड, माझी जीभ धारदार. ती कपडे मशीनला लावायची आणि मी ते काढून पुन्हा हाताने धुवायची, तिला दिसेल असं. पण भांडण भांडणाच्या जागी. त्या पोरीने मला कधी उलटून "तुम्ही कोण" म्हटलं नाही, आणि मी तिला कधी उपाशी झोपू दिलं नाही.

तर त्या गाडीचं.

भिवंडीतल्या गाडीचं इंजिन बाहेरच्या माणसाने एकदा बघावं. आमच्याकडे हवेत रुई उडत असते. लूमच्या गल्लीतून गाडी गेली की ती बॉनेटच्या आत शिरते आणि तेलकट लोखंडावर चिकटून बसते. तिच्यावर धूळ, धुळीवर तेल, तेलावर पुन्हा रुई. वर्षभरात इंजिनावर काळी गोधडी तयार होते. त्या दिवशी सकाळी गोदामाच्या नव्या मॅनेजरने बॉनेट उघडायला लावलं आणि म्हणाला, "ये इंजन है या कचरे का डब्बा? शाम तक साफ करके दिखाओ, नहीं तो दुसरी गाडी लगाता हूँ."

सुमित सकाळची शिफ्ट सोडून आला तो रागातच. अंगणात गाडी लावली आणि लगेच बॉनेट वर केलं. मी ओट्यावर सुपात सुकट निवडत बसले होते. आतून असा गरम वाफारा आला की ओट्यापर्यंत जाणवला.

"आत्ता धुतोस का काय?" मी विचारलं.

"मग कधी? मुहूर्त काढू?"

"तापलंय ते. थंड होऊ दे. तुझे बाबा रात्री गाडी लावायचे आणि सकाळी धुवायचे."

"बाबांना वेळ होता, आये."

वेळ होता! पहाटे उठून जाणाऱ्या माणसाला वेळ होता. पण त्यांची रीत होती. गाडी रात्रभर गार पडलेली असायची. आधी बॅटरीची काळी वायर सोडवायची आणि बाजूला बांधून ठेवायची. मग माझ्याकडे दुधाच्या धुतलेल्या पिशव्या मागायचे. एक डायनमोला गुंडाळायचे, एक फ्यूजच्या डब्याला, एक जिथून इंजिन हवा घेतं त्या तोंडाला. हाताने कचरा आणि रुई आधी सुकीच काढायची. मग साबणाचं पाणी आणि ब्रश. फारच चिकट असलं तर दुकानातून इंजिन धुवायचं औषध आणायचे, ते लावून थोडा वेळ थांबायचे. पाणी मगाने, हळूच, बाळाच्या डोक्यावर घालतात तसं. मी पाईप लावू का म्हटलं तर ओरडायचे, "फवारा मारू नको, आत शिरतं." आणि मग दुपारपर्यंत बॉनेट उघडं, उन्हात. सगळं सुकलं, पिशव्या काढल्या, एकही फडकं आत राहिलं नाही ना ते बघितलं, की मग ती वायर जोडायची. हे सगळं मी सुमितला सांगितलं, ओट्यावरूनच.

"झालं तुझं?" तो म्हणाला. "बारा वर्षं लूम धुतलेत मी. एवढा काळा लूम असायचा, एका रात्रीत आरशासारखा करून द्यायचो."

खरं होतं ते. त्याच्या हाताला गुण होता. लूमचे भाग रॉकेलने धुतात, वेस्टचे, म्हणजे टाकाऊ सुताचे, बोळे भिजवून खाचांत कोंबून ठेवतात, बोळे मळ पितात, सकाळी काढून टाकायचे. सगळी भिवंडी तसंच करते. पण बंद पडलेला लूम थंडगार असतो. त्याच्या पोटात आग नसते. गाडीच्या पोटात असते, एवढाच फरक, आणि तेवढाच माझ्या पोराच्या डोक्यात शिरला नाही.

आणि रॉकेल तरी आता कुठे मिळतं? रेशनवरून ते कधीच गेलं. लूमवाले आताशा पेट्रोल वापरायला लागलेत. त्यानेही थंड पेयाच्या मोठ्या बाटलीतून पेट्रोल आणलं होतं. बाटलीचं झाकण उघडल्याबरोबर मला वास आला.

"अरे पेट्रोल हाय ते! तापलेल्या इंजिनावर?"

"आये, तू सुकट निवड. माशी बसतेय."

मग त्याने हाक मारली, "दीक्षा! जरा ये इकडे. तुझे हात बारीक आहेत, खाली पोचतील."

दीक्षाची दुपारची ड्युटी होती. ती केस विंचरून तयार होत होती. तशीच आली, वेणी अर्धी घातलेली. त्याने वेस्टचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवून तिच्या हातात दिला आणि इंजिनाच्या मागची खाच दाखवली, जिथे त्याचा पंजा जात नव्हता. ती वाकली. उजवा हात कोपरापर्यंत आत. "खूप गरम आहे हो," ती म्हणाली.

"असू दे. बोळा तिथंच कोंब, तेल पीत राहील."

आणि तो जाऊन स्टिअरिंगवर बसला. मी बघत होते. दार उघडंच होतं, एक पाय बाहेर.

"सेल मारतो जरा," त्याने आतून सांगितलं. आमच्याकडे चावी फिरवून गाडी चालू करण्याला सेल मारणं म्हणतात. "इंजिन फिरलं की पेट्रोल उडून जाईल, झटक्यात सुकेल."

"थांबा," दीक्षा म्हणाली. "हात काढू दे."

त्याने सेल मारला.

मोठा आवाज झाला नाही. ओल्या चादरीचा फटका मारावा तसा भप् असा आवाज झाला, बस. बॉनेटखालून पिवळं काहीतरी उठलं आणि दीक्षाच्या अंगावर आलं.

मी कशी पोचले मला आठवत नाही. सुकटीचं सूप कुठे गेलं तेही नाही. तिला मागून कमरेला धरून ओढलं, खाली पाडलं, ओट्यावरचं गोणपाट तिच्या अंगावर टाकलं आणि दाबलं. मग पिंपातलं पाणी. एक तांब्या, दुसरा तांब्या, सारखं ओतत राहिले. ती ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता.

मी मान वर केली. सुमितला हाक मारायला.

गाडीचं दार उघडं होतं आणि सीट रिकामी. अंगणाच्या बाहेर, नाल्याच्या पलीकडे, गोदामाच्या भिंतीला पाठ लावून तो उभा होता. माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीच्या कोपऱ्यामागे गेला.

गोदामातली माणसं रेतीच्या पाट्या घेऊन धावत आली, त्यांनी इंजिनावर रेती टाकली. शेजारची बायजाबाई दातांची पेस्ट घेऊन आली, म्हणे लावा, थंडावा येतो. मी तिचा हात झटकला. "पाणी आण बाई, नुसतं पाणी," म्हटलं. धूर खाली बसला, गर्दी जमली, कोणीतरी रिक्षा आणली. आणि तेव्हा रस्त्याच्या बाजूने, गर्दीत वाट काढत, माझा मुलगा आला.

"काय झालं? आये, काय झालं?"

हे त्याचं पहिलं खोटं. अंबाडी नंतर आली, टायर नंतर आला. पहिलं खोटं हा प्रश्न होता. लोकांनी त्याला बाहेरून येताना बघितलं, त्यांना तेवढं पुरलं.

दीक्षाला ठाण्याच्या इस्पितळात नेलं. उजवा हात कोपरापर्यंत, डावा पंजा, हनुवटी आणि मानेचा एक भाग. दुसऱ्या दिवशी पोलीसबाई आली. जळीत म्हटलं की त्या येतातच, लग्न झालेली मुलगी असली की जास्तच. आम्हाला बाहेर काढलं आणि तिला एकटीला विचारलं. ती बाई बाहेर आली ती माझ्याकडे न बघताच गेली.

मी आत गेले. "काय सांगितलंस?"

दीक्षा छताकडे बघत होती. "ते सांगतायत तेच. मी एकटीच होते. मीच पेट्रोल घेतलं."

"का?"

"आई, लग्नाला पाच वर्षं पण न्हाय झाली. सुनेला भाजलं की पहिलं सासूला धरतात. तुम्हाला कोणी पोलीस ठाण्यात बसवलेलं मला न्हाय बघवणार."

आयुष्यभर मी कोणाची उधारी ठेवली नाही, बोलण्याची तर नाहीच. हे तर मोठं देणं झालं. मग म्हटलं, "माझं मी बघून घेईन. मी आत्ताच जाते त्या बाईच्या मागे."

"नको. त्यांना सांगू द्या," ती म्हणाली. 'त्यांना' म्हणजे सुमितला. "ते घाबरलेत. ते स्वतःहून सांगतील."

मलाही तसंच वाटलं. पोटचा आहे, भीती ओसरली की तोंड उघडेल. म्हणून मी थांबले. रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे बघायची, आज बोलेल. तो बोलायचा, बक्कळ बोलायचा, पण ते आधी सांगितलं तसं.

दीक्षा घरी आली. हनुवटीचं कातडं गुलाबी झालं होतं. हात मात्र वेगळाच. उजव्या हाताची बोटं एकमेकांना आणि तळव्याला चिकटायला लागली होती. डॉक्टरने मला समोर बसवून सांगितलं, रोज तेल लावून ही बोटं उघडायची, कितीही रडली तरी उघडायची, पुढे अजून एक ऑपरेशन आहे, तोवर हात मिटू द्यायचा नाही. मिटला तर मूठ कायमची.

मी उघडायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तिच्या तोंडात ओढणीचा बोळा, आणि मी एकेक बोट धरून सरळ करायची. शेंगेचं टरफल फोडायला जोर लागतो त्याहून कमी, पण माझ्या कपाळावर घाम यायचा. त्या वेळी सुमित बाहेर जायचा. गाडीचा सांगाडा अजून अंगणातच होता. त्याच्या भोवती फिरायचा, त्याला लाथ मारायचा, पुन्हा मोबाइल काढायचा.

एकदा त्याला फोनवर बोलताना ऐकलं. "हां यार, अपने हाथ से किया उसने. अभी ग्लास भी नहीं पकड़ पाती. मेरी तो गाडी भी गई."

आणि नळावरच्या बाया. "आगाऊपणा नडला गं. नवऱ्याला खूश करायला गेली." दीक्षाने बाहेर जाणं सोडलं. ड्युटीवरच्या मैत्रिणी बघायला आल्या, त्यातली एक म्हणाली, "एवढी शिकलेली तू, पेट्रोल कशाला घेतलंस?" दीक्षा हसली. मला ते हसणं आवडलं नाही. मार खाल्लेलं कुत्रं शेपूट हलवतं तसं हसली.

मग सुमितने ठरवलं की तिला दिघाशीला पाठवायचं. "बरी होईपर्यंत," म्हणाला. "तिकडे तिची आई आहे. इथे तुझ्याने किती होणार?"

"मी तक्रार केली?"

"तसं न्हाय गं. पण लोक काय म्हणतील, म्हाताऱ्या बाईला राबवतोय."

"ऑपरेशन कोण बघणार?"

"बघतील ना ते. त्यांचीच मुलगी हाय. आणि..." तो थांबला. मग हळू आवाजात बोलला, "चूक पण तिचीच हाय ना, आये."

मला म्हणाला. मला! जिने त्याला भिंतीमागे जाताना बघितलं तिला. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, की हा माझ्याशी नाटक करतोय का. त्याच्या डोळ्यांत नाटक नव्हतं. सांगून सांगून त्याला ते खरं वाटायला लागलं होतं. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली.

रविवारी सकाळी दिघाशीची माणसं आली. दीक्षाचे वडील चिंधूभाऊ, आणि तिचा धाकटा भाऊ बुद्धभूषण. विहारातले दाजी आमच्या बाजूने बसायला आले, चार माणसांत बोलणं झालेलं बरं म्हणून. दीक्षाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. सुमितनेच भरली होती.

आमच्याकडे चार माणसं बसली की आधी वंदना. मग काय बोलायचं ते बोला. दाजींनी मेणबत्ती लावली, सगळे हात जोडून बसले. वंदना नेहमी सुमित सांगतो. आवाज चांगला आहे त्याचा, वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतलेलं. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. तो एकेक ओळ सांगतो, आम्ही मागून म्हणतो. दीक्षाला हात जोडता येत नव्हते. ती मिटलेली मूठ डाव्या पंजाला टेकवून बसली होती.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी शाळा शिकले नाही, पण ह्या पाच ओळींचा अर्थ मला झोपेत विचारा. सुमितने ती ओळ सांगितली. स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर अडखळलं नाही. त्याच्या मागून आम्ही म्हटली. दीक्षाचे ओठ मात्र त्या ओळीला हलले नाहीत. जी खोटं बोलली मला वाचवायला, तिला ती ओळ म्हणवेना.

वंदना संपली. आणि त्याच आवाजात, तोच माणूस, मांडी न बदलता म्हणाला, "मामा, तुम्हाला सगळं माहीतच हाय. मी अंबाडीला गेलो होतो."

टायर झाला. बाइक झाली. छातीत कसंतरी झालं.

बुद्धभूषण तरुण मुलगा, एका बँकेत कारकून आहे. बहिणीवर जीव. त्याचं तोंड लाल झालं होतं. तो दीक्षाकडे वळला. "ताई, अगं तुला समजत कसं न्हाय? गरम इंजिनावर पेट्रोल! भावोजी येईपर्यंत थांबली असतीस तर? तुझ्या शहाणपणापायी बघ काय झालं." दीक्षा खाली बघत राहिली.

मग चिंधूभाऊ उठले. साठीचा माणूस, पांढरा सदरा, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ते उभे राहिले आणि त्यांनी माझ्या मुलासमोर हात जोडले.

"जावईबापू, आम्ही नेतो तिला. पोरीची चूक हाय, आम्ही निस्तरू. तुमची गाडी गेली, धंदा बसला. त्याची माफी करा आम्हाला."

मी सुमितकडे बघत होते. म्हटलं, आता. आता तरी. जळलेल्या पोरीचा बाप गाडीसाठी माफी मागतोय. दगड असता तरी हलला असता.

सुमितने मान हलवली. म्हणाला, "जाऊ द्या मामा. मी काय मनात ठेवलेलं न्हाय."

"चिंधूभाऊ," मी म्हटलं, "हात खाली करा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"खाली करा म्हणते ना. तुमच्या पोरीने काही केलेलं न्हाय. हा अंबाडीला गेला नव्हता. हा अंगणात होता. पेट्रोल ह्याने आणलं. तिचे हात बारीक म्हणून हिला आत वाकवली ह्याने. आणि तिचा हात आत असताना चावी फिरवली, ती पण ह्यानेच. मी ओट्यावर बसले होते, इथून तिथवर."

"आये!" सुमित अर्धा उठला. मग दाजींकडे बघून हसला, "ती घाबरलेली होती हो. वय झालं. त्या दिवसापासून कायकाय बोलते."

"घाबरलेली मी? पाणी कोण ओतत होतं रे? आणि गोदामाच्या भिंतीमागे कोण उभं होतं?"

त्याचं हसणं तसंच राहिलं तोंडावर, पुसायला विसरल्यासारखं.

"पोलिसांना हिनेच सांगितलंय," तो म्हणाला. "हिच्या तोंडाने. विचारा हिला. दीक्षा, सांग ना. तू तरी सांग यांना."

दीक्षा हलकेच म्हणाली, "आई, राहू द्या."

"सांग ना!" तो ओरडला.

तिने मान वर केली. कितीतरी दिवसांनी मी तिची पूर्ण मान बघितली, तो गुलाबी डाग दिसला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी थांबा म्हटलं होतं. हात काढू दे म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं होतं का हो, की न्हाय? एवढंच मला कळू द्या."

मागे गोदामात कुठेतरी ट्रक पाठी घेत होता, त्याचा टिंग टिंग आवाज येत राहिला. बुद्धभूषण बहिणीच्या बाजूला जाऊन खाली बसला आणि तिच्या मुठीकडे बघत राहिला, हात लावायचं धाडस त्याला होईना. चिंधूभाऊंचे हात अजून छातीशीच होते, जोडलेले नाहीत आणि सुटलेलेही नाहीत.

"ऐकलं होतं," सुमित शेवटी म्हणाला. जमिनीकडे बघून. "पण चावी फिरून गेली होती." मग लगेच, "चूक झाली आये. होते ना चूक माणसाकडून? एवढं काय सगळ्यांसमोर..."

दाजी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. मी त्यांना हाताने थांबवलं. हे माझं घर, हा माझा मुलगा, हा निवाडा दुसऱ्या कोणी द्यायचा नव्हता.

"सुमित, इकडे बघ," मी म्हटलं. "गाडी पेटली ती चूक. ती मी पोटात घातली असती. पळालास, कारण भ्यालास. भित्र्यालाही आई असते, तेही घातलं असतं. पण हा माणूस तुझ्यापुढं हात जोडून उभा राहिला आणि तू त्याला माफ केलंस. माफ केलंस तू! ती चूक न्हाय आणि भीतीपण न्हाय. ते तू धडधडीत, शुद्धीत केलंस, आणि त्याला माझ्याकडे माफी न्हाय. दीक्षा कुठं राहील ते दीक्षा ठरवील. इथं राहिली तर हे घर तिचं. दिघाशीला गेली तर मी तिच्यामागं जाईन, तिचं ऑपरेशन होईपर्यंत तिथंच राहीन. तू आत्ता उठायचं, बुद्धभूषणला बरोबर घ्यायचं, पोलीस ठाण्यात जायचं आणि जे केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तुझ्याने होत नसेल तर तसं सांग. मग मी जाते आणि मी सांगते, पण त्यानंतर हा उंबरठा तुझा न्हाय."